माफी देणारा उमेदवार

टॉर्विक, आयोवा
१४ ऑक्टोबर १९७५

प्रिय मेव्हिस,

काल माझ्या स्वयंपाकघरात कोण बसून गेलं, ओळख बघू. राहू दे, तुला नाही ओळखायचं. गव्हर्नर बॅस्कम! राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाची उमेदवारी मागत जे तिघं देशभर फिरतायत ना, त्यातला तो हसरा. यायचा होता बर्निसकडे, कारण गावातलं पक्षाचं सगळं तीच बघते. पण तिच्याकडे पाण्याचा पाइप फुटला, म्हणून त्याला अंगण ओलांडून माझ्याकडे आणलं. सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाल्ले आणि उठून स्वतःचा कप स्वतः विसळला. मी म्हटलं, अहो राहू द्या. तर म्हणतो, "आई बघत असती तर कान पिळला असता माझा."

बाकीचे बाहेर गाड्यांपाशी गेले तेव्हा मी त्याला मागच्या दारात गाठलं. म्हटलं, "साहेब, सैन्यभरतीचं बोलावणं आलं तेव्हा माझा मुलगा कॅनडात निघून गेला. सीमेच्या अलीकडे पाय ठेवला तर त्याला पकडतील. तुम्ही निवडून आलात तर अशा मुलांना माफी देणार का?" मेव्हिस, हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा घरी येईल."

आता दुसरी गोष्ट सांगते, ती बसून वाच. माझ्या हार्लनच्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाला वर्ष, फार तर दीड वर्ष. मी तिथेच खुर्चीवर बसून बोटांवर मोजलं. पुढच्या नोव्हेंबरात निवडणूक आणि त्यापुढच्या जानेवारीत नवा माणूस शपथ घेणार. म्हणजे पंधरा महिने. मी हार्लनला म्हटलं, आपणच कॅनडात क्यूबेकला जाऊ लाइलला भेटायला. पण त्याला गाडीत अर्धा तास बसवत नाही. आणि तो म्हणाला काय, तर, "मी नाही जायचा. त्यानं माझ्या दारात यावं." पाच वर्षांत पोराचं नाव न घेतलेला माणूस 'त्यानं यावं' म्हणाला गं! मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले.

उमेदवार ठरवायचं पहिलं मतदान आमच्या आयोवात आणि त्यानंतरचं तुमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये, तेव्हा हे तिघं तुमच्याकडेही येणारच. तू प्रत्येकाला ऐक आणि मला लिही. करांचं, मक्याच्या भावाचं ते काय बोलतात त्याचं मला काही पडलेलं नाही. माफी कोण देणार, एवढंच बघ.

फोनवर यातलं अक्षर काढू नकोस. आमची टेलिफोनची लाइन अजून सात घरांत मिळून एक आहे आणि घंटा कोणाचीही वाजो, बर्निस उचलतेच. गावाच्या लेखी लाइल अलास्कात तेलाच्या पाइपलाइनवर आहे. आमचा पोस्टमास्तर तिकीट कुठल्या देशाचं ते बघितल्याशिवाय पाकीट देत नाही, तेव्हा लाइलची पत्रं तुझ्याच पाकिटात घालून येऊ देत. बर्निसचा डेनी अडुसष्ट साली व्हिएतनामहून पेटीत आला. तिच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू, की माझा गेलाच नाही?

तुझी बहीण,
अर्डिस


मिलब्रुक, न्यू हॅम्पशायर
२५ ऑक्टोबर

प्रिय अर्डिस,

हार्लनचं वाचून आर्मांडनं उठून रेडिओ बंद केला. हा माझा नवरा एरवी जेवतानाही तो बंद करू देत नाही हे तुला ठाऊक आहे. हार्लनला सांग, आम्ही दोघं त्याची आठवण काढतो. नाही तर नको सांगू. चिडेल.

आता तुझा बॅस्कम. कप विसळला म्हणून विरघळलीस होय गं? गेल्या गुरुवारी तो इथे माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आला होता आणि मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिथे तो काय म्हणाला ते लिहिते. "जे पळून गेले त्यांनी पळून गेले तिथेच सुखानं राहावं." हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं तर कुबडी आपटली.

सिनेटर हॅलोवे गिरणीच्या फाटकावर हात मिळवत उभा होता, हातमोजे न काढता. मी विचारलं तर म्हणाला, यावर समिती नेमू. कशावरही विचारा, समिती नेमतो. आर्मांडनं त्याला विचारलं, "साहेब, आज थंडी आहे का?" तर तो खरंच विचार करू लागला.

तिसरा खासदार रुड्निक. हा कपडे धुवायच्या दुकानात भेटला. यंत्रं फिरत होती आणि आम्ही नऊ जण, त्यातले चार कपडे वाळायची वाट बघत बसलेले. कोटाला एक बटण नाही आणि बोलतो असा की जणू समोर नऊ हजार माणसं आहेत. त्यानं सरळ सांगितलं, "सगळ्यांना घरी येऊ द्या. अट नाही, चौकशी नाही." पण अर्डिस, त्याला शंभरात चार माणसंही ओळखत नाहीत.

लाइलला रविवारी भेटलो, नेहमीप्रमाणे सीमेपलीकडे आर्मांडच्या चुलतभावाकडे. बापाचं मी सांगितलं. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि लाकडं फोडत राहिला. जेवायलाही आला नाही.

मेव्हिस


टॉर्विक
५ नोव्हेंबर

मेव्हिस,

तू चुकीचं ऐकलंस. लहानपणापासून तुझं हेच. कोणी माझं चांगलं बोललं की तुला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. बॅस्कमनं मला स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली आहे. "तुमचं बोलणं मी विसरलेलो नाही" असं लिहिलंय. टाइप केलेलं नाही, शाईनं लिहिलंय, आणि आमचं 'टोलेफसन' हे आडनाव बरोबर लिहिलंय. ते तर इथल्या बँकेलाही जमत नाही.

मी त्याच्यासाठी दारोदार फिरते आहे. तुला आमची पद्धत माहीत नाही, तू गावातून गेलीस त्यानंतरची आहे ही. मतपेटी नसते. १९ जानेवारीला संध्याकाळी आठला गावातले पक्षाचे लोक बर्निसच्या बैठकीच्या खोलीत जमणार. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या नावाच्या कोपऱ्यात त्यानं जाऊन उभं राहायचं आणि बर्निस डोकी मोजणार. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसंही नाहीत तो बाद. तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं नाही तर घरी. बॅस्कमसाठी मी एकटीनं अकरा जण तयार केले आहेत. का, ते कोणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना सांगते की माणूस साधा आहे.

हार्लनचं वजन अठरा पौंडांनी उतरलंय. तो कामाला होता त्या वखारीतली माणसं बघायला आली तर त्यांना हाकलून दिलं. परवा खिडकीशी बसून विचारतो, "क्यूबेकमध्ये आत्ता बर्फ पडला असेल?" मी म्हटलं असेल. म्हणाला, "त्याच्याकडे धड बूट तरी आहेत का?"

तू आता मला घाबरवू नकोस. मला एक तरी माणूस लागतो विश्वास ठेवायला.

अर्डिस


मिलब्रुक
२१ नोव्हेंबर

प्रिय अर्डिस,

भांडायला माझ्यात जोर नाही. सोबत आमच्या पेपरातलं कात्रण पाठवते आहे. तारीख बघ, नाव बघ, वाक्य बघ. शब्द न् शब्द मी लिहिला होता तसाच आहे. आयोवातल्या स्वयंपाकघरात एक बोलायचं आणि इथल्या हॉलमध्ये दुसरं. मधे दीड हजार मैल, मग कोण ताडून बघणार? त्याला काय माहीत, दोन्हीकडे एकेक बहीण बसली आहे!

आणि ती कोपऱ्यांची पद्धत वाचून आर्मांड म्हणाला, गुरं विकताना असंच करतात. आमच्याकडे निदान पडदा तरी असतो. पडद्याआड जाऊन मी कोणालाही मत देईन आणि बाहेर येऊन नवऱ्यालाही खोटं सांगेन. तुझ्याकडे सगळं गाव बघणार, तू कोणत्या कोपऱ्यात का उभी आहेस. याचा विचार कर हं.

लाइलकडे बूट आहेत. मी घेऊन दिले.

मेव्हिस


टॉर्विक
२९ डिसेंबर

प्रिय मेव्हिस,

तुझं कात्रण मी महिनाभर शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. नाताळच्या आधी बॅस्कम काउंटीच्या गावी आला तेव्हा ते पर्समध्ये घालून गेले. तीनशे माणसं होती. मी रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर विचारलं, "साहेब, मी टॉर्विकची. माझ्या मुलाचं काय ठरवलंत?" तो हसला. मी कोण हे त्याला आठवत नव्हतं गं. मी कात्रण काढलं. हसू तसंच ठेवून म्हणाला, "प्रत्येक प्रकरण वेगवेगळं तपासून बघावं लागेल." मग त्याच्या माणसानं माझ्या कोपराला धरून मला पुढे सरकवलं. चांगलीच तोंडघशी पडले मी. ज्या अकरा जणांना मीच गळ घातली होती ते सगळे मागे रांगेत उभे होते आणि खुशीत होते.

घरी येऊन रडले नाही. हार्लनचं औषध दिलं, मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि तिथे रडले.

त्यानंतर चार दिवसांनी रुड्निक आला. आमच्या ग्रंथालयात पाच माणसं, त्यातली एक ग्रंथपाल. सगळे गेल्यावर मी त्याला लाइलचं सांगितलं. त्यानं हात वगैरे धरला नाही. म्हणाला, "टोलेफसनबाई, मी निवडून येणार नाही. पण आयोवात माझ्या कोपऱ्यात माणसं उभी राहिली, तर जो निवडून येईल त्याला माफीबद्दल बोलावंच लागेल. शून्य आलं, तर हा विषय मेला." मग विचारलं, तुमची गोष्ट मी भाषणात सांगू का? मी म्हटलं, खबरदार. तो म्हणाला, बरं. बस एवढंच, 'बरं'. मेव्हिस, दोन महिन्यांत मला पहिला असा माणूस भेटला जो समोर बोलतो तेच मागेही बोलत असेल.

माझं ठरलं. मी त्याच्या कोपऱ्यात उभी राहणार. आमच्याकडे तीसेक माणसं येतील म्हणजे पाच लागतील. शाळेतले भूगोलाचे मास्तर त्याचं काम बघतात, ते एक आणि मी दुसरी. आणखी तीन मिळवायची आहेत आणि खरं सांगितल्याशिवाय ती मिळणार नाहीत. लाइलला सांग, आईला चार ओळी लिही. त्या वाचून दाखवेन.

हार्लन आता जिना चढत नाही. डॉक्टर आता 'वर्ष' म्हणत नाही.

अर्डिस


मिलब्रुक
९ जानेवारी १९७६

अर्डिस,

लाइलच्या ओळी नाहीत. मागू नकोस.

मी मोठी बहीण असते तर हुकूम सोडला असता. धाकटी आहे म्हणून विनवते. १९ तारखेला बर्निसकडे जाऊ नकोस. ताप आलाय सांग, हार्लनला बरं नाही सांग, ते तर खरंच आहे. जायचंच असेल तर गप्प बस आणि कोणाच्याही कोपऱ्यात उभी राहून परत ये. लाइलचं नाव काढू नकोस. अलास्कात आहे तर अलास्कातच राहू दे त्याला, निदान महिनाभर.

का, ते पत्रात लिहीत नाही. तू मला ओळखतेस. एवढ्यावर ऐक.

मेव्हिस


टॉर्विक
२० जानेवारी

प्रिय मेव्हिस,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत टाकलं. मला वाटलं, तुला लाज वाटते. इकडच्या नातेवाइकांत बोभाटा होईल, आर्मांडच्या गिरणीत लोक बोलतील. असशील तू भित्री, मी नाही राहिले. काल काय झालं ते ऐक.

बर्निसची बैठकीची खोली तुला आठवते. जिन्याशी बॅस्कम, स्वयंपाकघराच्या दाराशी हॅलोवे आणि पियानोपाशी रुड्निक. त्या पियानोवर डेनीचा गणवेशातला फोटो आहे. दुसरी जागा नव्हती का? नव्हती. मी जाऊन फोटोच्या खाली उभी राहिले. बर्निसनं बघितलं आणि मोजायला पेन्सिल उचलली. अठ्ठावीस माणसं होती. आम्ही तिघं झालो, मास्तर, पाद्रीबाई आणि मी. माझे ते अकरा जण जिन्याशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, ही तिकडे काय करते म्हणून.

प्रत्येक कोपऱ्याला मिनिटभर बोलायला देतात. मास्तर बोलायला लागले, तर मी म्हटलं, मी बोलते. "लाइल अलास्कात नाही. सत्तर सालापासून कॅनडात आहे. बोलावणं आलं तेव्हा गेला. मी तुम्हा सगळ्यांशी सहा वर्षं खोटं बोलले. त्याचा बाप मरायला टेकलाय आणि त्याला दारात बघायचंय. या तिघांत एकच माणूस त्याला येऊ देईन म्हणतो. मला आणखी दोन माणसं हवीत." बस. पियानोला धरून उभी होते.

हॅलोवेकडून म्हातारा टपालवाला निघाला आणि आमच्यात आला. चार झालो. पाचवं कोणी हलेना. मी बर्निसकडे बघितलं. मोजणारी असली तरी तिलाही मत आहे ना. ती म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस, अर्डिस. माझ्याकडून हे व्हायचं नाही. माझ्याला कोणी माफी दिली तरी तो येणार नाही."

तेवढ्यात दार वाजलं. हार्लन! पायजम्यावर जाड कोट, पायात बुटांच्या नाड्या सुटलेल्या. आमच्या अंगणापासून तिच्या दारापर्यंत तो एकटा बर्फातून चालत आला होता. जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत देणारा हार्लन! दारातच पक्ष बदलायचा कागद असतो, तो त्यानं मागितला आणि भिंतीवर धरून सही केली. "लाइलच्या आईचा कोपरा कोणता?" म्हणाला. लाइलचं नाव घेतलं गं त्यानं, सगळ्यांसमोर!

बर्निसनं घड्याळ बघितलं. आठ वाजून नऊ मिनिटं. आठनंतर आलेला मोजायचा नाही असा नियम आहे. ती म्हणाली, "हार्लन, ये, बस. पण मला तुला मोजता येणार नाही." तो म्हणाला, "नको मोजू." आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. बुटात पाय घालायलाच त्याला वीस मिनिटं लागली होती.

चारच मोजले. कोपरा बाद झाला. बर्निसनं विचारलं कोणाकडे जाता, मी म्हटलं कोणाकडेच नाही. बॅस्कम जिंकला. माझ्याच माणसांनी जिंकवला.

तरी मेव्हिस, मी आज सकाळपासून गाणं गुणगुणते आहे. मास्तरांनी रात्रीच रुड्निकच्या कचेरीला फोन करून सगळं कळवलं म्हणे. लाइलला सांग, बाप तुझ्या कोपऱ्यात उभा राहिला.

अर्डिस


मिलब्रुक
२१ जानेवारी, बुधवार

अर्डिस,

आत्ता तुझ्याशी बोलून फोन ठेवला. लाइनवर कोणीतरी श्वास घेत होतं, मला ऐकू येत होतं. म्हणून 'आर्मांड सामान घेऊन निघालाय, ते उतरवून घेऊ नकोस, परत पाठव' एवढंच बोलता आलं. तू 'हो' म्हणालीस ते समजून म्हणालीस की नाही, कोणास ठाऊक. हे पत्र पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते. नाही लिहिलं तर वेड लागेल मला.

सामान म्हणजे लाइल. नाताळातच त्यानं ठरवलं होतं. "कोणी निवडून येईपर्यंत बाबा थांबणार नाही," म्हणाला. आर्मांडच्या चुलतभावाचं लायसन घेऊन तो रविवारी जंगलातून अलीकडे आला आणि मंगळवारी पहाटे दोघं आमच्या गाडीतून निघाले. मोठा रस्ता टाळत येणार म्हणजे शुक्रवारी पोचतील. एक दिवस बापाजवळ बसायचं आणि परत. तुला आधी कळवलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावरून गावाला कळलं असतं, म्हणून दडवलं. जाऊ नकोस म्हटलं ते एवढ्यासाठीच. घरावर कोणाचं लक्ष नको होतं.

आज संध्याकाळी रुड्निक आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बोलला. या वेळी दोनशे माणसं आणि मागे वार्ताहर. म्हणाला, "टॉर्विक गावच्या अर्डिस टोलेफसनबाईंनी परवा आपल्या शेजाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं." मग लाइलचं नाव, क्यूबेक, हार्लनचं आजारपण, बर्फातून आलेला बाप, सगळं. लोक उठून उभे राहिले, बायका रडल्या. मी धावत पुढे गेले, म्हटलं तिनं तुम्हाला नको म्हटलं होतं ना? तो गोंधळला. "पण त्या आता स्वतःच उघड बोलल्या ना," म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. वार्ताहर तोवर फोनकडे पळाले होते.

गाडीतल्या माणसांना कुठे गाठायचं? आर्मांड कुठे थांबणार ते मला माहीत नाही. मीच म्हटलं होतं, मला सांगू नकोस.

अर्डिस, त्याला दाराबाहेरच अडव.

मेव्हिस


टॉर्विक
२ फेब्रुवारी

मेव्हिस,

आर्मांड पोचला असेल. त्याला शेरिफच्या कचेरीत चार तास बसवलं आणि सोडलं. त्यानं सांगितलं असेल तेवढं सांगितलं असेल. राहिलेलं मी सांगते.

फोनवर तू 'सामान' म्हणालीस आणि मला लगेच कळलं. आईला कळतं. गुरुवारच्या पेपरात पहिल्याच पानावर आमचं गाव होतं. मी गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी सकाळपासून हमरस्त्याच्या तिठ्यावर जाऊन उभी राहिले. वाऱ्यानं डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं. न्यू हॅम्पशायरची पाटी असलेली गाडी दिसली की आडवी जायची, तोंडही बघायचं नाही, परत फीर म्हणायचं, असं ठरवलं होतं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली त्याला हाकलायला उभी होते मी.

तो नदीकडच्या जुन्या रस्त्यानं आला. लहानपणी मासे धरायला जायचा तो रस्ता. मला सुचलंच नाही.

दुपारी बर्निसची गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. "बस लवकर. तो घरात आहे आणि शेरिफची गाडी तुझ्या अंगणात शिरली." बुधवारी लाइनवर श्वास घेत होती ती तीच. सगळं ऐकलं, समजली आणि कोणाला बोलली नाही. ती गाडी कशी चालवते तुला माहीत आहे, चर्चला जातानाही पंचवीसच्या वर जात नाही. त्या दिवशी तिनं बर्फावरून अशी हाणली की मी दाराला घट्ट धरून बसले.

आर्मांड अंगणात गाडीपाशी उभा होता. घरात शिरले तर लाइल टेबलाशी, समोर हार्लन आणि दाराशी शेरिफचा माणूस व्हर्लिन. लाइलबरोबर बेसबॉल खेळायचा तो. गुरुवारपासून त्यांना आमच्या घरावर नजर ठेवायचा हुकूम होता. हार्लननं सकाळचं मांस-बटाट्याचं कालवण स्वतः उठून गरम करून त्याला वाढलं होतं. व्हर्लिनला म्हणाला, "ताटात आहे तेवढं संपवू दे त्याला." व्हर्लिननं टोपी काढली आणि थांबला. दोघं बाप-लेक पाऊण तास एकत्र होते. काय बोलले ते हार्लन सांगत नाही. मी विचारलंही नाही. तो पाऊण तास त्यांचा.

माझ्या वाट्याला ताटातले उरलेले चार घास आले. तेवढ्यात किती रुंद झालाय तो, केस मागे गेलेत, हाताला लाकडाचा वास येतो, एवढंच बघितलं. बोलायचं किती होतं. तोंडातून निघालं काय, तर "मीठ कमी आहे का रे?" तो म्हणाला, "नाही आई, बरोबर आहे." आणि उठला.

त्याला डे मॉइनच्या तुरुंगात ठेवलंय. वकील म्हणतो पाच वर्षं होऊ शकतात. हार्लन अंथरुणाला लागलाय आणि भिंतीकडे तोंड करून असतो. रुड्निकची तार आली, क्षमा मागितलीय. त्याचा राग नाही मला. उघड बोलणारा म्हणून मीच त्याला निवडला होता. तो सगळंच उघड बोलतो.

आता मी सांगते ते कर. न्यू हॅम्पशायरचं मतदान चोवीस तारखेला आहे. रुड्निकला मत देऊ नकोस. हॅलोवेलाही नको. बॅस्कमला दे. आर्मांडला द्यायला लाव, त्याच्या भावांना, गिरणीतल्यांना, चर्चमधल्यांना सांग. उद्यापासून मीही इथे पुन्हा दारोदार निघणार आहे. माझ्या मुलाला बाहेर काढायला मला आता बरा माणूस नकोय, निवडून येणारा हवाय.

तू म्हणशील, हा माणूस खोटारडा आहे आणि कात्रण तूच पाठवलंस. माहीत आहे मला. त्यानं मला एक सांगितलं आणि तुमच्या सैनिकांना दुसरं. दोघांपैकी एकाशी तर तो खोटं बोललाच आहे. देवाकडे एवढंच मागते, तो तुमच्याशी खोटं बोललेला असू दे.

अर्डिस